आमची केस नेमकी कुठं आहे? सीमाभागातील मराठी वकील मंडळींस खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी इथल्या कोर्टांत काम करणाऱ्या मराठी वकील बंधू-भगिनींनो,

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. नोकरीत कन्नडची परीक्षा द्यावी लागली. पुढं त्या भाषेची गोडी लागली, आणि त्या गोडीची शिक्षा आता भोगतोय, कारण गावात कुणाच्याही दारात सरकारी कागद आला की तो माझ्या सोप्यात येतो. "गुरुजी, ह्ये कशाला बोलवूलालेत बघा की." मी चष्मा लावतो, वाचतो, सांगतो. आणि दरवेळी एक प्रश्न विचारतो : तुमची केस कुठल्या कोर्टात आहे?

"बेळगावच्या."

"तिथं कुठल्या?"

"मोठ्या."

"दिवाणी की फौजदारी?"

"ते वकिलास्नी ठाऊक."

त्याच माणसाला सीमाप्रश्न कुठं आहे विचारा. क्षणात उत्तर येतं : सुप्रीम कोर्टात, २००४ पासून. दिल्लीतल्या दाव्याचा पत्ता पाठ, पण स्वतःच्या बांधाचा दावा कुठल्या खोलीत चालतो ते माहीत नाही. आणि तो दावा थेट दिल्लीलाच का गेला, बेळगावच्या मुन्सिफापासून, म्हणजे सगळ्यात खालच्या दिवाणी न्यायाधीशापासून, का सुरू झाला नाही, हेही कुणी त्याला सांगितलेलं नाही. दोन राज्यांचं भांडण असलं की घटनेच्या १३१व्या कलमानं ते पहिल्यांदाच सुप्रीम कोर्टात जातं, इतकी साधी गोष्ट. तुमचं आमचं भांडण मात्र तळातून चढत जातं, आणि प्रत्येक पायरीला मुदत असते.

हे पत्र सरकारला किंवा न्यायाधीशांना नाही. तिकडं निवेदनं देऊन आपल्या तीन पिढ्यांचे हात दुखले. तुम्हालाच लिहितोय, कारण मी जे मागतोय त्याला विधानसभेचा ठराव लागत नाही. एक कागद आणि तुमची दहा मिनिटं लागतात.

आमच्याच घरचं सांगतो. आजोबांच्या काळात बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून त्यांच्या शेताचं अपील मुंबईच्या हायकोर्टात गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं, तेव्हा वडिलांनी काढलेला दुसरा दावा अपिलात बेंगळूरला गेला. पाचशे किलोमीटर, रात्रभराची गाडी, आणि तिथं पोचल्यावर कळायचं की आज बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसच्या यादीत, आपला नंबर नाही. माझ्या वाट्याला धारवाड आलं. २००८ च्या जुलैत तिथं फिरतं खंडपीठ सुरू झालं आणि २०१३ ला ते कायम झालं. घर तेच, शेत तेच, भाऊबंदकीही तीच, हायकोर्ट मात्र तीन ठिकाणी. पेटीत आजोबांचं मोडीतलं खरेदीखत आहे, वडिलांचे इंग्रजी निकाल आहेत आणि माझी कन्नड समन्सं आहेत. सगळी पेटी वाचणारा घरात आता एकही माणूस नाही. मोडी मलाही येत नाही.

तर पायऱ्यांबद्दल. तालुक्याच्या कोर्टाबाहेरचा बोर्ड लोकांनी शंभरदा पाहिलेला असतो : सिव्हिल जज्ज आणि जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट. नावं दोन, खुर्ची एक. तोच न्यायाधीश मारामारीच्या खटल्यात मॅजिस्ट्रेट असतो आणि बांधाच्या दाव्यात दिवाणी न्यायाधीश. वरही तसंच आहे. जिल्हा न्यायाधीश दिवाणी कामाला बसले की जिल्हा कोर्ट, खुनाचा खटला पुढं आला की सेशन्स कोर्ट. हे एवढं कळलं नाही म्हणून काय घोटाळा होतो बघा. बांधावर भांडण झालं, काठ्या चालल्या, दोन्हीकडून पोलिसात तक्रारी गेल्या. एका बाजूनं मनाई हुकूम मागायला दावाही टाकला. दोन वर्षांनी मारामारीतून एकजण निर्दोष सुटला. त्यानं गावात पेढे वाटले आणि सांगितलं, "जमीन आमची ठरली." तेच न्यायाधीश, तीच खोली, त्यामुळं त्याचंही चुकलं म्हणवत नाही. पण फौजदारीत संशयाला जागा उरली की आरोपी सुटतो, आणि त्याच्या सुटण्यानं बांध तसूभरही सरकत नाही. दिवाणीत कुणाचा पुरावा जास्त पटतो ते बघतात. पेढे खाल्लेल्यांपैकी मीही एक. खाताना बोललो नाही, हे माझं चुकलंच.

उलट्या गैरसमजाचं प्रकरण चेकचं. आपल्याकडं पतसंस्था आणि सोसायट्या गल्लीगल्लीत, त्यामुळं हमीला दिलेले कोरे चेकही घरोघर. चेक परत गेला की लोक म्हणतात, पैशाची बाब आहे, सवडीनं बघू. पण ती तक्रार मॅजिस्ट्रेटपुढं चालते, फौजदारी म्हणून. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस हातात पडल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस असतात. ते पंधरा दिवस बहुतेकांचे "ह्यो कागद कुठला" हे ठरवण्यातच जातात. त्या पंधरा दिवसांत तुमच्याकडं आलेला माणूस आणि सोळाव्या दिवशी आलेला माणूस यांत किती अंतर असतं, हे मी तुम्हाला काय सांगावं!

तिसरा रस्ता तहसीलदार कचेरीचा. उताऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी मिळाली, ही समजूत मी स्वतः चाळिशीपर्यंत बाळगली. आम्ही सख्खे चुलते-पुतणे तहसीलदार, असिस्टंट कमिशनर, डेप्युटी कमिशनर अशी वारी करत बसलो. पोळी भाजली ती झेरॉक्सवाल्याची. शेवटी कुणीतरी सांगितलं, मालकीचा वाद असेल तर दिवाणी कोर्टात जा, इथं नोंदीपुरतं बघतात. हे पहिल्या दिवशी सांगायला कुणाचं काय गेलं असतं?

चंदगडला माझी आत्येबहीण आहे. १९५६ ला तेवढा तालुका मुंबई राज्यातच राहिला आणि पुढं महाराष्ट्रात आला. तिच्या तोंडी प्रांत, कलेक्टर, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर असे शब्द, आमच्या तोंडी एसी, डीसी, सिव्हिल जज्ज, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून मुन्सिफ. फरक नावांपुरता असता तर हसून सोडलं असतं. पण तिकडं खालच्या दिवाणी कोर्टाच्या निकालावरचं अपील जिल्हा न्यायालयात जातं, आमच्याकडं ते साधारणपणे सीनियर सिव्हिल जज्जपुढं चालतं. तिच्या नवऱ्यानं चांगल्या मनानं सल्ला दिला आणि आमचा एक शेजारी बेळगावात भलत्याच इमारतीत दोन खेपा घालून आला. आता तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ बसू लागलंय. कागलच्या माणसाला हायकोर्ट वीसेक किलोमीटरवर आलं. त्याच्या शेजारच्या निपाणीच्या माणसाला धारवाड, दीडशे किलोमीटर. गेल्या दिवाळीत निपाणीचा एक नातेवाईक मला विचारत होता, "मग आपलं अपील कोल्हापुरात घालता येईल का?" नाही येत. पण त्याला हे सांगायची पाळी माझ्यावर का यावी? तो दोन वर्षं एका वकिलाचा पक्षकार आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गल्लीत एक विधवा बाई राहतात. मुलगा गोव्याला कामाला. एके दिवशी दाराला कन्नडमधला कागद चिकटवलेला सापडला. त्यांना वाटलं पंचायतीची घरपट्टी असेल. मुलगा सुट्टीला आला की दाखवू म्हणून त्यांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरमागं खोचला. मुलगा गणपतीला आला, गडबडीत गेला. कागद तिथंच राहिला. वर्ष उलटल्यावर दिरानं शेताच्या तोंडाशी काटेरी झुडपं टाकली आणि सांगितलं, "कोर्टाचा हुकूमनामा आहे, पाय ठेवायचा नाही." तो कागद समन्स होता. मुदतीत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नाही, पुकाऱ्याला कुणी हजर नाही, म्हणून एकतर्फी निकाल झाला. कायद्यानं सगळं जागच्या जागी होतं. दार होतं, कागद चिकटवला होता, बेलिफाचा रिपोर्ट होता. फक्त वाचणारा नव्हता.

मी त्यांना घेऊन बेळगावला आलो. तुमच्यातल्याच एका वकीलबाईंनी काम घेतलं आणि मन लावून केलं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला तीस दिवसांची मुदत असते, ती कधीच उलटली होती, म्हणून उशीर माफ करायचा वेगळा अर्ज. तो चालला, खर्च भरला, दावा पुन्हा उभा राहिला. त्याला सोळा महिने लागले. बाईंच्या कॅलेंडरमागं आता काही नसतं. त्या प्रत्येक कागद घेऊन धावत येतात, परवा वीजबिल घेऊन आल्या होत्या.

कन्नडशी माझं भांडण नाही. उलट गंमत बघा, कोर्टाचे शब्द तर अर्धेअधिक एकच. अर्ज तिकडं अर्जी, जामीन जामीनु, नक्कल नकलु. फिर्यादी, आरोपी, वकील, साक्ष, सगळं ओळखीचं. मी मोठ्यानं वाचायला लागलो की म्हातारी माणसं मान डोलावतात, "अगा, ह्ये तर आपलंच." आड येते ती लिपी, आणि 'तीर्पु' म्हणजे निकाल असे काही मोजके शब्द. शंभरेक शब्दांची यादी आणि अक्षरओळख एवढ्यावर निम्मी भीती जाईल. शाळेत असताना मी हे करायला हवं होतं. केलं नाही.

पण साक्षीच्या पिंजऱ्यात शब्दयादी पुरत नाही. मी एकदा साक्षीदार होतो. मारामारीचाच खटला. मी मराठीत सांगितलं, "ओरडा ऐकला, बाहेर आलो तेव्हा माणसं पांगली होती." टाइप झालं ते कन्नडमध्ये, आणि त्याचा अर्थ होत होता की मी मारताना पाहिलं. सहीला कागद पुढं आला तेव्हा मी वाचला आणि हात वर केला. न्यायाधीशांनी एका मिनिटात दुरुस्ती केली, चिडले नाहीत, उलट विचारलं, "आणखी काही?" बाहेर आल्यावर मला बोलावणारे वकील म्हणाले, "गुरुजी, एवढं बारीक बघत बसायचं नसतं."

का नसतं? कोर्टाची भाषा कोणती हे राज्य सरकार ठरवतं, ते मान्य. पण त्याच कायद्यात साक्षीदाराची सोयही आहे. साक्ष ज्या भाषेत दिली तिच्यात लिहिणं जमत असेल तर तसं लिहिता येतं. दुसऱ्या भाषेत लिहिली आणि साक्षीदाराला ती कळत नसेल, तर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावी लागते. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर भर कोर्टात त्याच्या भाषेत अर्थ सांगावा लागतो. ही कलमं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत, ३१२ ते ३१४. दिवाणीतही तसा नियम आहे. मला हे पाठ आहे कारण त्या दिवशी मी चिडून घरी आलो आणि पुस्तक आणवलं. तुम्हाला तर हे परीक्षेलाच होतं. मग उभं राहून "महाराज, साक्षीदाराला मराठीत वाचून दाखवावं" एवढं वाक्य मी तुमच्यापैकी किती जणांच्या तोंडून ऐकलं? एकाच्या. तेही आरोपीच्या वकिलाच्या.

मला ठाऊक आहे, बोर्ड लांबलचक असतो, साहेबांना घाई असते, आणि रोज उठून तेच मागितलं तर "हा भाषेचा वाद आणतोय" असा शिक्का बसायची धास्ती असते. आपल्या गावांत भाषेचं नाव काढलं की पुढं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर म्हणतो, यात वाद नाही, कलम आहे. माझ्या तोंडचं मराठी वाक्य रेकॉर्डवर कन्नड होतं आणि धारवाडला पोचेपर्यंत इंग्रजी, कारण हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. पहिल्याच उडीत पाय घसरला तर धारवाडचे न्यायाधीश तरी काय करणार? तिथं दुसऱ्या अपिलात तर कायद्याचाच महत्त्वाचा मुद्दा लागतो. "मी असं म्हटलोच नव्हतो" हे ऐकायला तिथं कुणी बसलेलं नसतं. आणि सुप्रीम कोर्टाचे कितीतरी निकाल आता मराठीत भाषांतर होऊन मिळतात! दिल्लीचा निकाल मराठीत, आणि आमच्या गल्लीतल्या बाईंच्या दारावरचा कागद मात्र कॅलेंडरमागं.

माझं मागणं आता सांगतो. वकीलपत्रावर सही घेता ना, कोऱ्या जागांवर फुल्या मारून? त्याच बैठकीत पक्षकाराच्या हातात एक मराठी कागद द्या. त्यावर इतकंच असावं : तुमचं काम दिवाणी आहे की फौजदारी की महसुली. कुठल्या कोर्टात, कुठल्या इमारतीत. केस नंबर आणि तो सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे गोव्यातला मुलगा मोबाइलवर तारीख बघू शकेल. तुम्ही वादी की प्रतिवादी. पुढच्या तारखेला काय होणार आहे आणि तुम्ही स्वतः यायलाच हवं का. हरलात तर अपील कुठं आणि किती दिवसांत. फौजदारीत मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली तर सेशन्सला तीस दिवस, दिवाणीत हायकोर्टाच्या खालच्या कोर्टात तीस, हायकोर्टात असेल तर नव्वद. आणि निकालाच्या नकलेसाठी अर्ज त्याच दिवशी टाकायचा, हे मोठ्या अक्षरात.

फीबद्दल मी काही म्हणत नाही, तो तुमचा आणि पक्षकाराचा मामला. पण ज्याला फी झेपत नाही त्याला मोफत वकिलाची सोय आहे, आणि बाईमाणसाला तर उत्पन्न न बघता आहे, हे कागदाच्या खाली लिहा. त्या मदतीचा १५१०० हा फोन नंबरही लिहा. आमच्या गल्लीतल्या बाईंनी त्या कामासाठी गळ्यातलं गहाण ठेवलं होतं, आणि हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. लोकअदालतीत तडजोड केली की तिच्यावर अपील नाही, हेही सही करायच्या आधी सांगा. तिथं फोटो काढायच्या गडबडीत सह्या होतात, मी पाहिलंय.

तुम्ही म्हणाल, अशिलाला एवढं कळलं तर तो रोज फोन करेल. आत्ताही करतोच की. आत्ता तो विचारतो, "साहेब, आमचं काय झालं?" कागद हातात असला तर विचारेल, "साहेब, कैफियत दाखल झाली का?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला कमी वेळ लागतो.

मी माझ्यापरीनं अशा कागदाचा कच्चा नमुना केला आहे. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला भरायच्या जागा, खाली त्या शंभर शब्दांची यादी, देवनागरीत आणि कन्नडमध्ये. त्यात मास्तरकीच्या चुका असणार. कैफियतीच्या मुदतीबद्दल मी जे लिहिलंय ते एकदा जाणत्या माणसानं तपासून द्यायला हवं. रविवारी कोर्ट बंद असतं आणि माझा सोपा उघडा असतो. तुमच्यापैकी दोघेजण आले तरी पुरे. येताना लाल पेन आणा, माझं शाळेतच राहिलं.

आपला,
कागद वाचणारा गुरुजी
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव